मिरामारचा किनारा आणि साठीनंतरचा ट्रायथलॉन

पणजीजवळ मांडवी नदी अरबी समुद्राला मिळते, त्या मुखालगत मिरामारचा किनारा आहे. सुरूची झाडे, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी आणि पैलतीरावरचा आग्वाद किल्ला हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. २०१९ साली येथे ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा प्रथम झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे, असे तिचे स्वरूप आहे.

अशी स्पर्धा पाहून घरातील साठी उलटलेली व्यक्ती म्हणते, “मीही करून पाहीन म्हणतो.” घरचे हसतात, नाहीतर धास्तावतात. वाचकहो, उत्तर देण्यापूर्वी जपानच्या हिरोमू इनादा यांची हकिगत ऐका. आजारी पत्नीच्या शुश्रूषेसाठी त्यांनी साठाव्या वर्षी नोकरी सोडली आणि स्वतःची प्रकृती टिकावी म्हणून पोहणे सुरू केले. ट्रायथलॉनकडे ते सत्तरीत वळले. २०१८ मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी, त्यांनी हवाईची पूर्ण आयर्नमॅन शर्यत पार केली. अर्थात नवशिक्याने पाहायचे ते ‘स्प्रिंट’ प्रकाराकडे: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. तेही काही महिन्यांच्या तयारीनंतर.

मिरामारला गेलात, तर ही तयारी कशी करावी हे तो परिसरच शिकवतो.

प्रथम पाणी. नदीमुखाशी भरती-ओहोटीचे प्रवाह असतात आणि पावसाळ्यात समुद्र पोहण्याजोगा नसतो. म्हणून आरंभ जवळच्या कांपालच्या तरणतलावासारख्या ठिकाणी, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावा. ट्रायथलॉनमधील बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात. गार पाणी, गर्दी आणि भीती यांमुळे हृदयावर अचानक ताण येतो आणि पाण्यातल्या माणसाचा त्रास काठावरून चटकन दिसत नाही. समुद्रात उतरायचे ते अगदी शेवटी, जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या हद्दीत आणि कधीही एकट्याने नव्हे.

दुसरी सायकल. मिरामारहून दोनापावलाकडे जाणारा रस्ता सकाळी मोह पाडतो. तथापि हाडे ठिसूळ झालेल्यांना आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना साधे पडणेही महागात पडते. त्यांनी घरातील स्थिर सायकलच पसंत करावी. इतरांनी हेल्मेटशिवाय निघू नये.

तिसरे धावणे. मऊ वाळूत घोटे व पोटऱ्या लवकर दुखावतात. ओहोटीनंतरची घट्ट ओली वाळू किंवा पदपथ बरा. चालणेही पुरेसे आहे. चालताना सहज बोलता येत असेल, तर वेग योग्य समजावा.

या सर्वांआधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून घ्यावा. ते सांगतील तर स्ट्रेस टेस्टही करावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर काही तासांनीही घसरू शकते, म्हणून खिशात साखर असू द्यावी. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळावरील आकड्यापेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावे. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर तापते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी किती प्यावे हे विचारून घ्यावे. छातीत दडपण, जबड्यात वा हातात कळ, भोवळ, अनाकलनीय धाप यांपैकी काहीही जाणवल्यास तत्क्षणी थांबावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. वृद्धाला खुर्चीत बसवून ठेवले की तो सुरक्षित राहतो, असे आपल्याला वाटते. परंतु न वापरलेले स्नायू झपाट्याने क्षीण होतात आणि मग न्हाणीघरापर्यंत जाणेही परावलंबी होते. म्हणून सरळ नकार देण्याऐवजी तपासणीला सोबत जा, औषधांची यादी बरोबर ठेवा आणि आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटे त्यांच्यासह चाला. ती चाल तुमच्याही प्रकृतीला हवी आहे. स्पर्धेची अंतिम रेषा कदाचित कधीच गाठली जाणार नाही. पण वर्षभरानंतर तुमचे आईवडील कोणाच्या आधाराविना जिना चढू शकले, तर एवढ्या तयारीचे सार्थक झाले असे समजा.