दोन पाठी

घोड्यावर चढायला मी लाकडी पायऱ्या वापरते. पागेत नवी आलेली पोरं आधी माझ्याकडे दयेनं बघतात. मग काही दिवसांत तीही त्याच पायऱ्यांवर उभी राहतात, कारण उस्ताद कोणालाच जमिनीवरून चढू देत नाहीत. रिकिबीत पाय घालून खालून अंग वर खेचलं की सगळा भार एका बाजूला येतो, खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि घोड्याच्या कण्याला पीळ बसतो. नेमका तोच पीळ माझ्या कमरेलाही सोसत नाही. त्याच्या आणि माझ्या पाठीचं एकमत झालं ते पहिल्यांदा या पायऱ्यांवर.

माझ्या आजाराचं नाव अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. कणा खाली जिथे कमरेच्या हाडांना जोडलेला असतो, त्या सांध्यांपासून बहुधा दाह सुरू होतो आणि वर सरकतो. वर्षानुवर्षं तो चालू राहिला तर काहींचे मणके हाड वाढून एकमेकांना जोडले जातात. एक्स-रेत असा कणा बांबूसारखा दिसतो, म्हणून डॉक्टर त्याला ‘बांबू स्पाइन’ म्हणतात. माझा बांबू अजून अर्धाकच्चा आहे. या दुखण्याची खोड अशी की ते आरामानं बळावतं. रात्रभर झोपून उठावं तर अंग लाकूड, आणि हिंडू-फिरू लागलं की हळूहळू मोकळं. त्यामुळे “आता पुरे झाली घोडी, जरा पडून राहा” हा नातेवाइकांचा प्रेमळ सल्ला माझ्या बाबतीत उलटा पडतो.

माझ्या संधिवाततज्ज्ञांनी घोडा सोडा असं कधी म्हटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “पडता किती वेळा?” ताठरलेला कणा वाकत नाही आणि हाडंही ठिसूळ होत जातात, म्हणून एरवी ज्या पडण्यावर लोक कपडे झटकून उठतात, त्यात अशा माणसाचा मणका मोडू शकतो. तेव्हापासून हेल्मेटसोबत हवेचं जाकीटही घालते. त्याची दोरी खोगिराला अडकवलेली असते. स्वार उडाला की ती सुटते आणि जाकीट फुगतं. जंपिंग सोडलं. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं, पण त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

राहिल्या तीन चाली, आणि तिन्हींचा माझ्या पाठीशी वेगळा हिशेब आहे. साध्या चालीत घोड्याचे चार पाय चार ठेक्यांत पडतात. स्वाराची कंबर त्यासोबत पुढेमागे, डावीउजवीकडे आणि थोडी गोलही फिरते, जवळजवळ आपण स्वतः चालताना फिरते तशीच. घोड्याच्या चालीचा उपयोग करून देतात ती हिप्पोथेरपी याच हालचालीवर उभी आहे. चटईवरच्या व्यायामाला जे जमत नाही, ते वीस मिनिटांची ही चाल माझ्या कमरेला करून देते. कँटर तीन ठेक्यांची, झुलती, ती निभते. खरी अडचण दुडकीची. तिच्यात तिरके दोन पाय एकदम पडतात, मध्ये क्षणभर चारही अधांतरी, आणि प्रत्येक ठेक्याला धक्का. लवचिक स्वाराची कंबर तो पिऊन टाकते. माझी कंबर पीत नाही, मग उरलेला धक्का परत घोड्याच्या पाठीत जातो. म्हणून दुडकीत मी कधी बसून राहत नाही. एका ठेक्याला उठते, एका ठेक्याला टेकते. झेनोफन या ग्रीक लेखकानं ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. कमरेच्या वरचं शरीर होईल तितकं सैल ठेवा, असं तो त्यात सांगतो. सल्ला अचूक आहे. माझा कणा त्याच्या पाहण्यात नव्हता, एवढंच.

उस्ताद घोडदळातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. ते रिंगणात नेहमी घोड्याच्या मागे उभे राहतात, कारण मांड वाकडी आहे का ते मागूनच दिसतं. एकदा घोडा सारखा डावीकडे सरकत होता. मी लगाम सावरत होते. “घोडं सरळ हाय ताई,” ते म्हणाले, “तुमचा खुबा एका अंगाला दबतोय.” या आजारात दुखणं बाजू बदलतं, आज या कुल्ल्यात तर काही दिवसांनी त्या. शरीर आपोआप दुखऱ्या बाजूला जपतं आणि भार दुसरीकडे टाकतं. ते आपल्याला जाणवतही नाही. घोड्याला मात्र लगेच कळतं. आता कुठली बाजू आखडली आहे, हे मी त्याच्या वळणांवरून ओळखते.

तो स्वतः रेसमधून आलेला आहे. पुण्यात पावसाळ्यात शर्यती होतात, हिवाळ्यात मुंबईला, आणि धावणं संपलेले अनेक थरोब्रेड तरुणपणीच रायडिंग स्कूलमध्ये येऊन पडतात. याचा तंग आवळताना तो पाठ खाली दाबून घ्यायचा, कान मागे टाकायचा. स्वभाव म्हणून ते खपूनही गेलं असतं. पशुवैद्यांनी एक्स-रे काढला तेव्हा दिसलं की खोगिराखालच्या मणक्यांची वरची टोकं एकमेकांना भिडत आहेत. याला ‘किसिंग स्पाइन्स’ म्हणतात, आणि थरोब्रेडमध्ये ते बऱ्यापैकी आढळतं. त्यांनी सांगितलं, मान खाली सोडून लांब चालवा म्हणजे पाठ वर उचलली जाईल, पोटाचे स्नायू बळकट करा, थोडा वेळ पण नियमित काम द्या, नुसतं बांधून ठेवू नका. चिठ्ठीवरचं नाव बदललं तर ती माझीच होती.

त्या दिवसापासून माझा प्रश्न बदलला. मला झेपतं का, हे विचारणं सोपं आहे; सोसायची तयारी असली की उत्तर हो येतं. त्याला मी झेपते का, हे अवघड. खोगिरासकट स्वार घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावा असा एक ढोबळ नियम आहे. साडेचारशे किलोच्या घोड्याला म्हणजे नव्वद. त्यात मी आरामात बसते. पण काटा ताठरपणा मोजत नाही. साठ किलोची आखडलेली बाई सत्तर किलोच्या मोकळ्या मुलीपेक्षा घोड्याला जड जाते, असं माझं ठाम मत आहे.

अपंगत्व आणि घोडेस्वारी म्हटलं की लिस हार्टेलचं नाव निघतंच. डेन्मार्कच्या या बाईंना 1944 मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पाय लुळे पडले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज पहिल्यांदाच महिलांना खुलं झालं, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या बरोबरीनं उतरून रौप्यपदक मिळवलं. 1956 मध्ये पुन्हा एकदा. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यात ज्युबिली ही त्यांची घोडी जास्त दिसते. टाचेचा इशारा ज्या स्वाराकडून येणारच नाही, तिच्या बैठकीतला, वजनातला बारीकसा बदल ओळखायला ती शिकली. माझं उलटं आहे. कंबर गप्प असते, म्हणून पोटऱ्या आणि श्वास यांवर काम भागवते. सोडलेल्या लांब श्वासाला घोडा थांबतो, हे लगाम ओढून घोडा थांबवणाऱ्यांना सांगूनही पटत नाही.

पहिली दहा मिनिटं मी नुसती चालवते. तेवढ्यात माझी कंबर सुटली नाही, किंवा त्याची पाठ उचलली गेली नाही, तर उतरायचं. उतरतानाही पायऱ्या हव्यातच, कारण वरून दोन्ही पायांवर येऊन आदळलं की संध्याकाळ वाया जाते. मग त्या दिवशी लाँजच्या दोरीवर त्याला फिरवते, खरारा करते. खराऱ्यात खांदे चांगले मोकळे होतात. अशा दिवसांचा विषय निघाला की उस्ताद म्हणतात, काळजी करू नका ताई, पुढं टांगा हाकायला शिकवतो. टांग्याच्या बाकावर दुडकीचे धक्के किती बसतात, ते एकदा त्यांनाच शेजारी बसवून दाखवायचं आहे.