'एक चिकित्सक अभ्यास' कशाला?

'१९८० नंतरच्या निवडक मराठी ग्रामीण कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण : एक चिकित्सक अभ्यास.' मराठी विभागातल्या कुठल्याही गाईडच्या टेबलावर या घाटाचा एखादा आराखडा पडलेला असतोच. मुरलेल्या गाईड खोडायला घेतात ते शेवटापासून. 'एक चिकित्सक अभ्यास' आधी जातं, कारण पीएच.डी.चा अभ्यास चिकित्सक नसेल तर दुसरा कसला असणार? मग 'निवडक'. कुणी निवडल्या, कोणत्या निकषावर? आणि '१९८० नंतर' म्हणजे कुठपर्यंत? विद्यार्थी गप्प. व्हायव्हाला बहिःस्थ परीक्षक नेमकं हेच विचारतात. साडेतीनशे पानं सगळ्यांनी वाचलेली असतीलच असं नाही, शीर्षक मात्र सगळ्यांनी वाचलेलं असतं.

मग बाई त्याच्या नोंदींची वही मागतात. पानामागून पान उलटलं की ध्यानात येतं, 'स्त्रीचित्रणा'वर चार ओळी आहेत आणि बाकी सगळं वाटणी, सातबारा, विधवेच्या नावावरून दिराच्या नावावर गेलेलं शेत. विषय वहीत केव्हाच ठरून बसलेला! 'मराठी ग्रामीण कादंबरीतील स्त्री आणि जमिनीची मालकी (१९८०-२०००)' हे शीर्षक मग पाच मिनिटांत होतं. उद्या शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, या विषयाचा माग काढणारा 'जमीन' हाच शब्द टाकणार. 'एक अभ्यास' टाकून कोण कशाला शोधेल?

पंचाईत अशी, की ही वही भरते नोंदणीनंतर आणि समितीला शीर्षक हवं असतं त्याआधी.

काम पुढे सरकलं की नाव बदलतं, हे मोठ्यांच्या बाबतीतही घडलं आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. आंबेडकरांच्या प्रबंधाचं मूळ नाव 'नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया' असं होतं. १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग यांनी तो ग्रंथरूपात छापला, तेव्हा नाव झालं 'द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया'. पहिल्या नावात अख्ख्या देशाचं उत्पन्न मावेल. दुसरं प्रांतांच्या तिजोरीपाशी थांबतं आणि ती कशी घडत गेली तेही सांगतं. दुसरंच सरस.

शीर्षकानं कामातून निघालं तेवढंच सांगावं, याचं आणखी एक उदाहरण. इरावती कर्वे यांनी बर्लिनला मानवी कवटीच्या स्वाभाविक असममितीवर प्रबंध लिहिला. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर या असममितीचा संबंध वंशाशी जोडू पाहत होते. कर्वे यांच्या मोजमापांतून तो संबंध निघाला नाही. प्रबंधाच्या शीर्षकातही वंशाचा उल्लेख नाही.

आपल्याकडे शीर्षकबदलाच्या अर्जाकडे अजून संशयानं पाहिलं जातं. समित्यांनी हा अर्ज काम पुढे गेल्याची खूण मानावा. आणि विद्यार्थ्यांनी तो वेळेत द्यावा, कारण मान्यतापत्रावरचं आणि मुखपृष्ठावरचं शीर्षक जुळलं नाही, तर बांधून आणलेल्या सगळ्या प्रती परत न्याव्या लागतात.