आरोपी हाही नागरिकच

गेली सत्तावीस वर्षे आम्ही या निवासी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र हे विषय शिकवीत आहोत. मूलभूत हक्कांचा पाठ दरवर्षी येतो. समतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, अस्पृश्यतेची समाप्ती हे सारे आमची मुले छाती फुगवून सांगतात. परंतु अनुच्छेद २० आणि २२ यांच्यापाशी आलो की वर्गाचा उत्साह ओसरतो. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, हे हक्क तर गुन्हेगारांचे. आम्हांला त्यांचे काय?" या प्रश्नाचे उत्तर एका तासिकेत मावणारे नाही. म्हणून माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्या हाती जाणाऱ्या या स्मरणिकेत ते मांडावे, असे आम्हांस वाटले.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्ही प्रारंभ शिक्षेच्या इतिहासापासून करतो. मनुस्मृतीच्या दंडविधानात अपराध एकच असला तरी शिक्षा एक नव्हती. अपराध करणारा कोणत्या वर्णाचा आणि ज्याच्याविरुद्ध अपराध घडला तो कोणत्या वर्णाचा, यांवरून दंड ठरत असे. देहान्ताच्या जागी ब्राह्मणाला मुंडण सांगितले आणि शूद्राच्या वाट्याला अवयवच्छेद आला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. त्या अग्नीत जन्मावर शिक्षा ठरविणारी ही न्यायकल्पनाही जळाली, असे आम्ही मानतो.

इंग्रजांच्या राजवटीत १८६० साली भारतीय दंड संहिता तयार झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. कागदावर तरी आता कृत्य पाहून शिक्षा होणार होती. पण त्याच राजवटीने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि जन्म हाच पुन्हा पुरावा ठरला. ठराविक जमातींत जन्मलेल्या माणसाची नोंद व्हायची, त्याला हजेरी द्यावी लागायची, गाव सोडायला परवाना लागायचा. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंट हे त्याच कायद्याचे अपत्य. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला आणि त्या जमाती विमुक्त झाल्या. त्या घरांतली मुले आज आपल्या वसतिगृहात राहतात. त्यांना विचारा, गावात चोरी झाली की पहिली चौकशी कोणाच्या पालावर जाते. कायदा गेला, परंतु नजर गेली नाही. ही नजर जोवर आहे तोवर आरोपीचे हक्क हा आपल्यासाठी दूरचा विषय होऊ शकत नाही.

संविधानाच्या मसुद्यात व्यक्तिस्वातंत्र्याविषयीच्या कलमात 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' एवढेच शब्द ठेवण्यात आले, तेव्हा त्यावर देशभर टीका झाली. विधिमंडळाने उद्या कसलाही जुलमी कायदा केला तर नागरिकाने काय करायचे, असा तो आक्षेप होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्या आक्षेपाची दखल घेतली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी संविधान सभेत एक नवे कलम मांडले. पूर्वीच्या कलमात जे निसटले त्याची ही भरपाई आहे, अशी त्यांची भूमिका होती. तेच आजचे अनुच्छेद २२. अटक केलेल्या माणसाला शक्य तितक्या लवकर अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद त्यात आहे आणि तो बोचतोही. तथापि एरवी पोलिसाच्या हातातील माणूस चोवीस तासांत न्यायासनासमोर आलाच पाहिजे, ही हमी साध्या कायद्यात न ठेवता संविधानातच कोरून ठेवणे, ही लहान गोष्ट नव्हे.

बाबासाहेबांना आरोपीचा पिंजरा ग्रंथांतूनच ठाऊक होता असे नाही. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीच्या कार्यकर्त्यांना शिक्षा झाली होती. १९२६ साली पुण्यात त्यांच्या अपिलाचे काम बाबासाहेबांनी चालविले आणि आरोपी सुटले. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या खटल्यात र. धों. कर्वे यांच्या बाजूने ते उभे राहिले. तो खटला ते हरले. लोकांना न आवडणाऱ्या माणसालाही बचावाचा अधिकार असतो, हे मात्र त्यांनी आपल्या वकिलीतून दाखवून दिले.

बौद्ध परंपरेलाही हा विचार परका नाही. विनयात भिक्षूवरील दोषारोपाचे काम त्याच्या गैरहजेरीत करता येत नाही. आरोप त्याच्यासमोर मांडायचा, त्याला विचारायचे, त्याचे म्हणणे ऐकायचे, आणि मगच संघाने निर्णय द्यायचा. या रीतीविना केलेले संघकर्म अधर्म्य ठरते. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्षुसंघाच्या सभानियमांचे स्मरण करून दिले होते. संमुख विनय हा त्याच शिस्तीचा भाग आहे.

आता एक प्रत्यक्ष घडलेली हकीकत. काही वर्षांपूर्वी आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होता. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून त्याला संध्याकाळी खोलीवरून उचलून नेले. त्याचे वडील ऊसतोड कामगार. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने ते शाळेत आले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरगं आत हाय. कागदावर अंगठा दे म्हणत्यात. देऊ का?" आम्ही त्यांच्यासोबत गेलो. पोलीस ठाण्यात उत्तर मिळाले, "अटक कुठे केली? नुसती चौकशी चालू आहे." नोंदवहीत मुलाचे नाव नव्हते. त्याच्यापुढे कोरा कागद ठेवण्यात आला होता आणि सही न केल्याबद्दल त्याने दोन थपडा खाल्ल्या होत्या.

आम्ही मुलाला आणल्याची वेळ लिहून अर्ज दिला. पोच मिळाली नाही, म्हणून त्याच अर्जाची प्रत डाकेने वरिष्ठांना पाठविली आणि तडक न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय गाठले. तिथून मिळालेल्या वकीलताई दुपारी ठाण्यात आल्या, तेव्हा कुठे अटकेची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायाधीशांनी त्याला विचारले, "तुला काही तक्रार आहे का? कशासाठी आणले ते सांगितले का?" मुलाने उत्तर दिले. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असताना आधी हजर राहण्याची नोटीस का दिली नाही, असा मुद्दा ताईंनी मांडला. मुलगा जामिनावर सुटला. पुढे दोषारोपपत्र दाखल झाले, त्यात त्याचे नावही नव्हते. पण दरम्यान कंत्राटदाराने त्याला कामावरून काढले होते. हक्कांनी त्याला घरी आणले, पण गेलेली नोकरी परत आणली नाही. तरीही ते हक्क नसते तर तो किती दिवस आत राहिला असता, याचा विचार वाचकांनी करावा.

अशा वेळी घरातील माणसे गांगरतात, कारण शब्दच कळत नाहीत. म्हणून थोडे शब्दज्ञान. गुन्हा दखलपात्र असेल तर पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात, अदखलपात्र असेल तर करू शकत नाहीत. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन कधीच मिळणार नाही असे नव्हे, तो देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर असते. खबर नोंदली गेली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असेही नव्हे. तपास, दोषारोपपत्र, आरोप निश्चिती, साक्षीपुरावा आणि निकाल हे टप्पे त्यापुढे असतात आणि तोवर तो माणूस फक्त आरोपी असतो. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात शिक्षेचे सहा प्रकार आहेत: मृत्युदंड, जन्मठेप, सश्रम किंवा साधा कारावास, मालमत्ता जप्ती, द्रव्यदंड आणि नव्याने आलेली समाजसेवा. पहिल्यांदाच केलेली पाच हजार रुपयांच्या आतील चोरी आणि माल परत, अशा प्रसंगी समाजसेवेची शिक्षा होऊ शकते.

त्याच दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहिताही लागू झाली. आरोपीचे बहुतेक हक्क जुन्या संहितेतून तिच्यात आले आहेत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आवश्यक का, याची कारणे पोलिसांनी लिहून ठेवायची असतात आणि अटक गरजेची नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी हवी. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठिताची साक्ष हवी. आप्तांना कळविणे आणि वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. यातील कित्येक गोष्टी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिल्या होत्या. अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असे महाराष्ट्रातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती अनुच्छेद २० नुसार कोणावरही करता येत नाही. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन मागण्याचा हक्क निर्माण होतो. पण तो मागावा लागतो. न मागणाऱ्याच्या हातून तो निसटतो.

मागायचे म्हटले तर वकील हवा आणि वकिलाला पैसा हवा, ही आपल्या माणसांची खरी अडचण. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची अवस्था देशापुढे आली. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काहींनी खटल्याविना आत काढला होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तो उपकार नव्हे, तो हक्क आहे. देशातील तुरुंगांविषयीच्या २०२२ च्या सरकारी अहवालानुसार बंद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते आणि त्यांतील साधारण पाचवा हिस्सा अनुसूचित जातींचा होता. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतील आपले प्रमाण १६.६ टक्के होते. या दोन आकड्यांतील अंतर पालकांनी नीट पाहावे.

एक अवघड गोष्टही लिहिली पाहिजे. आपला समाज न्यायालयात फिर्यादी म्हणूनही जातो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखाली आपण गुन्हे नोंदवितो, तेव्हा समोरच्या आरोपीलाही वकील मिळतो, चोवीस तासांची मर्यादा त्यालाही लागू होते, निर्दोषत्वाचे गृहीतक त्यालाही मिळते. ज्यांच्या घरावर हल्ला झाला त्यांना हे गिळणे किती जड जाते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. परंतु जात पाहून शिक्षा देणारी व्यवस्था आपण नाकारली आहे. आरोपी कोणत्या जातीचा आहे हे पाहून हक्क द्यायचे की नाही ते ठरवू लागलो, तर महाडला जे जाळले तेच आपण दुसऱ्या हाताने उचलून घरात आणू. आपला आग्रह एवढाच असावा की त्या माणसाला जे हक्क न मागता मिळतात, ते पालावरच्या पोराला मागूनही नाकारले जाऊ नयेत.

म्हणून मागच्या बाकावरील मुलाला आमचे उत्तर असे: बाळा, हे हक्क गुन्हेगाराचे नव्हेत. ज्याच्यावर बोट रोखले गेले आहे आणि ज्याचा गुन्हा अजून ठरायचा आहे, त्या नागरिकाचे ते हक्क आहेत. आणि बोट कोणाकडे आधी वळते, हे तू ज्या वस्तीतून आलास तिला चांगले ठाऊक आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे एक मागणे आहे. आपल्यातील काहीजण आज वकिली करतात, काही पोलीस दलात आहेत, काही न्यायालयात लिपिक आहेत. महिन्यातून एक रविवार त्यांनी आळीपाळीने शाळेच्या सभागृहात बसावे आणि पालकांना खबर कशी वाचावी, अर्ज कसा लिहावा, जातमुचलका म्हणजे काय, हे सांगावे. पोलीस दलातील आपल्या मुलांनी तर अवश्य यावे, कारण नियम पाळणारा शिपाई हा आरोपीच्या हक्काचा पहिला रक्षक असतो. आणि प्रत्येक घरात, तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा जिथे आहेत त्या भिंतीवर, आपल्या तालुक्याच्या विधी सेवा समितीचा पत्ता आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून लावावा. लहान मुलांनाही वाचता येईल एवढ्या उंचीवर.