थडग्यांमधले बियाणे

शिकागोच्या पश्चिमेस चाळीसेक मैलांवर बटेव्हिया नावाचे टुमदार गाव आहे. गावाला लागूनच फर्मीलॅब ही अमेरिकन सरकारची अजस्र प्रयोगशाळा. आवार ६,८०० एकरांचे! जमिनीखालच्या सहा किलोमीटर घेराच्या वर्तुळाकार बोगद्यात प्रोटॉन नावाचे कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवायचे, असा तिचा अचाट उद्योग. पण माझा भाचा म्हणाला, “चला मामा, तुम्हांला गवत दाखवतो.” सोलापूरच्या माणसाला गवत दाखवायला सातासमुद्रांपलीकडे न्यायचे म्हणजे कमालच की!

ही सारी जमीन पूर्वी शेतकऱ्यांची. त्यांची काही घरे उचलून एके ठिकाणी आणून ठेवली आहेत. तिथे पाहुणे शास्त्रज्ञ उतरतात. शेतकरी कुठे उतरले, ते भाच्याला सांगता आले नाही.

इलिनॉयचे मूळचे गवताळ रान, म्हणजे प्रेअरी, नांगराखाली जवळजवळ संपले होते. रॉबर्ट बेट्झ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना त्याचे अवशेष सापडले ते जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेच्या रुळांकडेला. तेवढ्याच जागी नांगर पोहोचला नव्हता. अशा ठिकाणचे बी वेचून १९७५ साली त्या वर्तुळाच्या आत पेरणी झाली. या कामाला दहा-वीस वर्षे लागतील असे बेट्झ म्हणाले, तेव्हा संचालक रॉबर्ट विल्सन यांचे उत्तर होते, मग आज दुपारीच सुरुवात करायला हवी! आमच्या कॉलेजात तेवढ्या अवधीत समितीचे नावही ठरले नसते.

आज ती प्रेअरी सुमारे हजार एकरांवर आहे. मी पाहिले तेव्हा गवत डोक्यावरून जात होते. त्याचे काही तुकडे आळीपाळीने मुद्दाम पेटवतात. परकी झुडपे जळतात. देशी गवताची मुळे खोल असतात, ती पुन्हा फुटतात. पलीकडे गव्यासारखे दांडगे बायसन चरत होते. १९६९ पासून त्यांचा कळप तिथे आहे.

मला नान्नजचा माळ आठवला. माळढोक पक्ष्याचे ते घर. असल्या माळाला आपल्या सातबाऱ्यावर शब्द आहे, ‘पोटखराबा’.

या गवताने प्रयोगशाळेच्या विजेचा हिशेब फिटत नाही, हेही खरे. बोगद्यातले ते मोठे यंत्र २०११ साली बंद झाले. बी गोळा करायला मात्र शरदात आसपासची माणसे पोराबाळांसह येतात. वेचलेले बी पुन्हा पेरणीला जाते.