हीटरच गया

मंगळवारी सकाळी फ्रिज उघडला आणि अंगावर कोमट श्वास आला. दूध नासलेलं, कोथिंबिरीनं मान टाकलेली. वरचा फ्रीझर मात्र दगडासारखा, बर्फाचा ट्रे जागचा हलेना. एकाच कपाटात वर पौष आणि खाली वैशाख.

बेंगळुरात आलो तेव्हा लोक म्हणायचे, इथे पंखासुद्धा लागत नाही. नऊशे मीटर उंचीवरचं गाव ते. पण 2024 च्या एप्रिलमध्ये पारा 38 च्या वर गेला, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात फ्रिजवर माझा जीव टांगलेला असतो.

दारात कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली. रबर घट्ट होतं. मागे हात लावला. कॉम्प्रेसर गरम, नेहमीसारखा घुमत होता. मग कान लावला. फ्रीझरच्या मागून पंख्याची जी बारीक घरघर अष्टौप्रहर यायची, तिच्या जागी काहीतरी घासल्याची खरखर येत होती. आजारी माणसाच्या उशाशी बसून श्वास ऐकावा, तशी मी किती तरी वेळ तिथे उभी होते.

शिवाजीनगरचे मेकॅनिकचाचा फोनवर म्हणाले, "पूरा खाली करके रखो, मैं आताच."

रिकामा करायला घेतला आणि कोकण बाहेर येऊ लागलं. सासूबाईंनी चिपळूणहून पाठवलेला आमरस, डब्यांवर त्यांच्याच हातच्या चिठ्ठ्या. ओले काजूगर. बिरड्यासाठी सोललेले कडवे वाल. आणि त्यांना चिकटूनच खालच्या आंटींनी जानेवारीत दिलेलं हितकिद अवरेबेळे, म्हणजे सोललेला पावटा. वालाचाच इथला भाऊ. थंडीत या शेंगा बाजारात आल्या की त्यांच्या सालीचा तेलकट वास हाताला दिवसभर राहतो. कानडीत त्याला सोगडु म्हणतात. दोन्ही पिशव्यांवरचं हिव एकजीव झालं होतं. वेगळ्या करताना बोटं बधिर झाली.

अर्धे डबे आंटींनी नेले. "कोडी, नम्म फ्रिज खाली इदे," द्या, आमचा फ्रिज रिकामा आहे, एवढंच म्हणाल्या. उरलेले मी गोधडीत गुंडाळले. गोधडी ऊब धरते, तसा गारवाही धरते. तिला दोन्ही सारखेच. 1833 साली बॉस्टनहून निघालेला बर्फ असाच लपेटून चार महिन्यांनी जहाजानं कलकत्त्याला पोचला होता, आणि अर्ध्याहून जास्त शाबूत होता. माझा आमरस तीन तास तर राहणारच होता.

चाचा आले. फ्रीझरमधली मागची प्लास्टिकची पाटी त्यांनी सोडवली आणि बाजूला झाले, मला दिसावं म्हणून. आत नळ्यांची जाळी असते म्हणतात. मला दिसली पांढरी भिंत. पंख्याची पाती त्या भिंतीला घासत होती. वारा खाली उतरायची वाटच बुजली होती. मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला, तर त्यांनी माझा हात धरला. नळी ॲल्युमिनियमची, टोक लागलं की सगळा गॅस जाणार. कोमट पाणी मागितलं. वाटीवाटीनं ओतत राहिले. बर्फ आधी काचेसारखा झाला, मग भेगाळला, मग एक अख्खी लादी सुटून त्यांच्या तळहातावर आली. त्या लादीच्या पोटावर जाळीची प्रत्येक रेघ उमटली होती.

मीटरची दोन टोकं त्यांनी खालच्या काचेच्या नळीला लावली. काटा हलला नाही.

"गॅस बराबर है. हीटरच गया."

फ्रिजमध्ये हीटर? बारा वर्षं वापरला आणि मला ठाऊक नव्हतं. दार उघडलं की हवेतली ओल आत शिरते, गार नळ्यांवर गोठते. म्हणून दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, ही काचेची नळी थोडा वेळ तापते, हिव वितळतं, पाणी मागच्या ताटलीत उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं उडून जातं. ही एवढीशी ऊब बंद पडली, की थंडी स्वतःच्याच बर्फात गाडली जाते. दूध नासलं ते त्यामुळे.

आणि तो "च". "आताच", "हीटरच". चाचांच्या दखनी बोलीतला हा च आपल्या मराठीचा. 1327 मध्ये तुघलकानं दिल्ली दौलताबादेला हलवली, तिथून ही बोली आपल्या मातीत रुजली, हा च कमरेला खोचून दक्षिणेत उतरली. शहाजीराजे बेंगळुरात राहत होते तेव्हाही इथल्या गल्ल्यांत तो ऐकू येत असेल. परक्या गावात मी सतरा वर्षं राहते आहे असं म्हणते. माझं एक अक्षर माझ्याआधी इथे येऊन घर करून राहिलं होतं. चाचांना मी हे सांगितलं. ते हसले, म्हणाले, "हमारे दादा के दादा भी ऐसाच बोलते."

नवा हीटर त्यांच्या पिशवीतच होता. चहा घेऊन गेले. आमरस गोधडीतून निघाला तेव्हा कडेला जरासा सैल, मध्ये घट्ट होता.

रात्री मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसले. पावणेतीनला बारीक टिक् झालं, घुमणं थांबलं. काही वेळानं आत कुठेतरी पहिला थेंब तापल्या काचेवर पडला. छस्स. मग दुसरा.