केवळ संशोधनासाठी

प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या कंपन्यांच्या यादीत स्क्रब टायफसच्या जिवाणूचे, म्हणजे ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशीचे, 56 किलोडाल्टनचे रिकॉम्बिनंट प्रथिन मिळते. बाटलीवर ठरलेली सूचना असते : केवळ संशोधनासाठी, रोगनिदानासाठी नाही. ही सूचना मला सलते. 2018 च्या पावसाळ्यात याच जिवाणूने नागपूरसह विदर्भात माणसे मारली. आमचे ऊर्जानगर ही वीज केंद्राची वसाहत असली तरी चहूकडे झुडपी जंगल आहे आणि श्रावण-भाद्रपदात गवत माजते. वाघ-बिबट दिसला की बातमी होते. गवतात दडलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर अळीची बातमी होत नाही. रोवणीला, निंदणाला, सरपणाला जाणाऱ्यांना ती चावते, दहाएक दिवसांनी ताप भरतो आणि उपचार लांबला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर बेतते.

हे प्रथिन एवढे मोलाचे का, हे आधी पाहू. हा जिवाणू जिवंत पेशीच्या आतच वाढतो. साध्या बशीत तो उगवत नाही आणि वाढवायचा तर तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा लागते. त्याच्या बाह्य पटलात सर्वांत जास्त असलेले प्रथिन हेच, आणि आपले शरीर प्रतिपिंडे बनवते तीही मुख्यतः याच्याविरुद्ध. म्हणून त्याचे जनुक निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घालून प्रथिन हवे तितके काढून घेतात आणि त्यावर रक्तातली प्रतिपिंडे मोजणारी एलायझा चाचणी उभी राहते. कोणी म्हणेल, वेल-फेलिक्स चाचणी स्वस्त आहे, ती काय वाईट? ती पहिल्या महायुद्धाच्या काळातली. तिच्यात प्रोटियस या भलत्याच जिवाणूशी रक्त जुळते का ते पाहतात. ती बऱ्याच रुग्णांना निसटू देते. दुसरे काहीच नसेल तिथे चालवून घ्यावी, इतकेच.

पण या प्रथिनाची एक खोड आहे आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. जिवाणूच्या जातीजातींत सर्वांत जास्त बदलतेही तेच. जगभर प्रमाण मानलेल्या जाती कार्प, गिलियम आणि काटो. पहिली 1943 मध्ये न्यू गिनीत सापडली, दुसरी त्याच वर्षी आसाम-ब्रह्मदेशाच्या सीमेवर, तिसरी जपानात. म्हणजे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात हाती लागलेल्या जातींवर गडचिरोलीच्या शेतमजुराचे रक्त आपण तपासतो. चांगल्या संचांत म्हणूनच अनेक जातींची प्रथिने मिसळतात. शिवाय जंगलालगतच्या निरोगी माणसाच्या रक्तातही जुन्या संसर्गाची प्रतिपिंडे असू शकतात. कोणत्या आकड्यापुढे रुग्ण म्हणायचे, ही सीमारेषा इथल्याच निरोगी लोकांचे रक्त तपासून ठरवावी लागते. दुसऱ्या मुलखातली उसनी घेतली तर धडधाकट माणूस रोगी ठरतो किंवा रोगी सुटतो.

एवढे मांडल्यावर मला कबूल करावे लागते की बाटलीवरची सूचना रास्तच आहे. प्रथिन म्हणजे चाचणी नव्हे. मग राग कशाचा? संशोधनासाठी म्हणून विकलेल्या मालावर इथल्या मातीतले संशोधन पुरेसे होत नाही, याचा. बऱ्याच रुग्णांच्या अंगावर, अळी चावली तिथे, सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली पडते. तिच्यातून जिवाणूच्या जनुकाचा क्रम वाचता येतो, म्हणजे इथली जात कोणती ते कळते. सावळ्या कातडीवर, काखेत, जांघेत ती नजरेतून सुटते, म्हणून तपासणाऱ्याने कपडे सरकवून शोधायला हवी. त्यात एलायझाच्या थाळीला 96 खळगे. एकट्या नमुन्यासाठी थाळी वाया घालवायला कोणी धजत नाही. नमुने साचेपर्यंत तालुक्याचा रुग्ण थांबतो.

डॉक्सीसायक्लिन स्वस्त आहे, सरळ देऊन टाका, चाचणीचा खटाटोप कशाला, असाही आक्षेप येईल. अर्धा बरोबर आहे. संशय आला की गोळी सुरू करावी. अहवालाची वाट पाहू नये. पेनिसिलिन गटाची औषधे इथे उपयोगाची नाहीत. पण ज्या जिल्ह्यात ताप म्हटला की आधी मलेरिया आठवतो, तिथे संशय यायलाच मोजणी लागते आणि मोजणीला चाचणी. तेव्हा पावसाळ्यात पाचव्या दिवशीही ताप उतरला नाही, तर डॉक्टरांना एवढे सांगा की रुग्ण गवतात, वावरात किंवा जंगलात गेला होता. आणि खपली शोधायला लावा.