बापाची घंटी

माझ्या बापाची सायकल न्हाणीमागच्या भिंतीला टेकून पंचवीसेक वर्षं सडत होती. तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर मोडका पाळणा. घरातले म्हणायचे, भंगारवाल्याला द्या. मी देत नव्हतो. दुरुस्तही करत नव्हतो. गेल्या उन्हाळ्यात एकदाची बाहेर ओढली. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपुढं जागा ती केवढी! बोळातच पोतं अंथरलं, पान्हे मांडले आणि बसलो.

दुकानवाला पोरगा रॉड ब्रेकची काळी सायकल बघून हसला होता. "काका, ॲटलास बंद पडली, पार्ट कुठनं आणू?" खोटं नव्हतं. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनी. म्हटलं, आपणच बघू.

कॉटर पिन निघता निघेना. रॉकेल मिळालं नाही म्हणून डिझेल ओतलं, रात्रभर ठेवलं. सकाळी क्रँकखाली लाकडाचा ठोकळा दिला, आटे चेपू नयेत म्हणून नट वर पिनीच्या तोंडाबरोबर आणला, मग हातोडा. तिसऱ्या घावाला सुटली. पुढच्या चाकाला ३२ आरे, मागच्याला ४०. त्यातले सात तुटलेले. हबातले छर्रे गंजून एकमेकांना चिकटलेले. ते सगळे नवे घातले, ग्रीस भरलं. चाकाचा आऊट काढायला मात्र दोन दिवस गेले. हे काम बाप दहा मिनिटांत करायचा, विडी ओढत. शाहू मिलमध्ये पाळी करून आल्यावर.

घंटी मी शेवटाला उघडली. ती वाजत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक. मोडकीच असणार, असं धरून चाललो होतो. वरची वाटी फिरवून काढली. आत मोडतोड काही नाही. काहीच नाही. पोकळ. मग सीटखालच्या चामडी पिशवीत, पंक्चरच्या सामानाबरोबर, चिंधीची एक पुरचुंडी सापडली. तिच्यात दातेरी चाकं, स्प्रिंग, वाशर. सगळ्याला तेलाचा हात दिलेला, गंजाचा ठिपका नाही.

म्हणजे घंटी मोडली नव्हती. बापानं तिची जीभ काढून ठेवली होती.

आईला विचारलं. ती आता नव्वदीला टेकलीय. म्हणाली, "गावाकडं जाताना वाटंत पाटलाचा म्हातारा पुढं चालला हुता. ह्येनं घंटी वाजिवली. म्हाराचं पोर आमास्नी वाट मागतंय व्हय, म्हनून सायकल वड्यात टाकली त्येनी. तवापास्नं काढून ठिवली बग."

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये पेशवाईतल्या काळ्या दोऱ्याविषयी लिहिलंय. कोण येतोय ते सवर्णाला कळावं, चुकून शिवाशिव होऊ नये म्हणून अस्पृश्यानं तो मनगटात नाहीतर गळ्यात घालायचा. तेव्हा आम्ही येतोय हे कळवायची सक्ती. माझ्या बापाच्या काळात आम्ही येतोय हे कळवायचीच बंदी. आणि हे कुठं? ज्या कोल्हापुरात बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला, बाबासाहेब हयात असताना, त्यांचा पुतळा बसला, तिथून पंधरा-वीस मैलांवर.

आता माझं सांगतो. १९७४ ची गोष्ट. पँथर निघून दोन वर्षं झालेली. मी भाषणं ठोकत हिंडायचो. गावी निघालो, मी कॅरिअरवर. चावडी आली तसा बाप उतरला, मलाही उतरवलं. मी भडकलो. "आबा, तुमी उतरता कशापायी?" तो म्हणाला, "तुझ्या आज्जीला हितंच ऱ्हायाचं हाय. हितलंच पानी प्यायचं हाय." मी त्याला भ्याड म्हणालो. हाच शब्द. चावडीसमोर. तो हँडल धरून चालत राहिला.

याच माणसानं याच सायकलवरून गावोगाव पत्रकं वाटली होती, भूमिहीनांच्या सत्याग्रहाची. डिसेंबर १९६४, दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर. जेलमध्येही बसून आला. मला ते माहीत होतं. तरी मी तो शब्द वापरला. परत घेतला नाही. तो मेला तोवरही नाही.

तुम्ही पोरं आता मोटारसायकलींच्या रॅल्या काढता. काढा. पण १९८३ साली कांशीराम यांच्या डी.एस.-फोरनं दिल्लीहून शंभर सायकली काढल्या आणि चाळीस दिवसांत सुमारे ४,२०० किलोमीटर तुडवले, तेव्हा आमच्यातल्याच काहीजणांनी चेष्टा केली होती. सायकलनं काय क्रांती होते काय, म्हणून. चेष्टा करणाऱ्यांत मीही होतो. भिंतीला बापाची सायकल होती आणि मी चेष्टा करत होतो.

स्प्रिंग बसवायला माझी बोटं जाड पडली. नातीनं बसवली. वाटी घट्ट केली, अंगठ्यानं दाबली. टणटणली ती अख्ख्या बोळात.

आतून आई ओरडली, "कोन हाय गं? सरका की बाजूला, वाट द्या त्येला."

तिनं ही घंटी साठ वर्षांत ऐकलेली नव्हती. नात पुन्हापुन्हा वाजवत राहिली. मी टायर चढवायला घेतलं, २८ बाय दीडचं. मागच्या ब्रेकची रबरं अजून मिळालेली नाहीत.